हंगुल-दिन : एका लिपि-उत्सवाचे देशांतर

दर वर्षी ९ ऑक्टोबर रोजी दक्षिण कोरियात एका लिपीच्या प्रवर्तनाचा दिवस सार्वजनिक सुटी देऊन साजरा केला जातो. राजांच्या जयंत्या, वीरांची स्मृतिदिने आणि स्वातंत्र्यप्राप्तीचे वर्धापनदिन बहुतेक सर्व राष्ट्रांत पाळले जातात. परंतु लेखनाच्या चिन्हांसाठी राष्ट्राने सण पाळावा, ही गोष्ट विरळाच म्हटली पाहिजे. त्याहूनही विशेष असे की, गेल्या काही दशकांत हा दिवस कोरियाच्या सीमेबाहेर पुष्कळ दूरवर पोहोचला आहे. कोरियन गीते, नाट्यमालिका व चित्रपट यांच्या ओढीने त्या भाषेकडे वळलेले आणि कोरियाशी रक्ताचा अथवा भूमीचा कोणताही संबंध नसलेले तरुण देशोदेशींच्या सांस्कृतिक केंद्रांत एकत्र येतात, कुंचल्याने कोरियन अक्षरे गिरवतात, श्रुतलेखनाच्या व वक्तृत्वाच्या स्पर्धांत भाग घेतात आणि आपापली नावे त्या लिपीत लिहून घेऊन घरी जातात.

परदेशातील रसिकांसाठी भरणाऱ्या अशा समारंभांना सामान्यतः लोकप्रिय संगीताच्या लाटेवरचा फेस समजण्यात येते. लाट ओसरली की फेसही विरून जाईल, असे त्यामागचे अनुमान असते. ह्या अनुमानाची परीक्षा करावयाची तर केवळ गेल्या पंचवीस वर्षांकडे पाहून भागणार नाही. हंगुल-दिनाचा उगम शंभर वर्षांपूर्वीच्या पारतंत्र्यात आहे, आणि उत्सव कशामुळे टिकतो व कशामुळे टिकत नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या शंभर वर्षांच्या इतिहासातच शोधले पाहिजे.

१. लिपी आणि तिची बाराखडी

जोसन राजवंशातील चौथा राजा सेजोंग याने नवी लिपी सिद्ध केली ती इ. स. १४४३ च्या अखेरीस. तिचे प्रवर्तन झाले १४४६ मध्ये. तत्पूर्वी कोरियन लोक चिनी चित्राक्षरांत लिहीत. कोरियन ही प्रत्ययप्रधान भाषा असून चिनीशी तिचे व्याकरणदृष्ट्या काहीच साम्य नाही. त्यामुळे तिचे प्रत्यय व क्रियारूपे परक्या चिन्हांत बसविताना मोठी ओढाताण होई आणि लेखनविद्या मूठभर अभिजनांच्या हाती राही. नव्या लिपीत मूळची २८ चिन्हे होती. त्यांपैकी २४ आज प्रचारात आहेत. ही चिन्हे एकापुढे एक न मांडता अवयवांप्रमाणे जोडून त्यांचा एकेक चौकोनी गट केला जातो, आणि असा प्रत्येक गट एका अक्षराचा, म्हणजे उच्चारातील एका अवयवी घटकाचा, निदर्शक असतो.

भारतीय वाचकाला ह्या लिपीच्या रचनेत काही ओळखीच्या खुणा दिसतील. तिची व्यंजने कंठ, जिव्हा, ओष्ठ, दंत इत्यादी उच्चारस्थानांनुसार वर्गवारी करून योजलेली आहेत. आणि एकाच स्थानावरील अल्पप्राण वर्णाच्या चिन्हाला एक रेघ अधिक दिली की महाप्राण वर्णाचे चिन्ह तयार होते. उच्चारस्थानांची ही वर्गवारी सेजोंगच्या पंडितांनी चिनी ध्वनिशास्त्रातून घेतली, आणि त्या शास्त्राच्या घडणीवर बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णविचाराचा प्रभाव होता, हे सर्वमान्य आहे. काही चिन्हांच्या आकृतींचा संबंध मंगोल साम्राज्यातील फाग्स्पा लिपीशी, आणि तिच्या द्वारा तिबेटी व ब्राह्मी लिपींशी, जोडण्याचा प्रयत्न गॅरी लेड्यार्ड या अमेरिकन अभ्यासकाने १९६६ मध्ये केला. त्या मताविषयी वाद आहे. चिन्हांच्या आकृतीचे श्रेय कोणालाही दिले, तरी वर्णव्यवस्थेच्या मागे असलेले शास्त्र अंशतः भारतातून निघाले होते, एवढे मात्र निःसंशय म्हणता येते.

लिपी शिकविण्याची पद्धतही आपल्या पंतोजींच्या शाळेची आठवण करून देणारी होती. एकेका व्यंजनाला क्रमाने स्वर जोडून ‘गा, ग्या, गॉ, ग्यॉ, गो, ग्यो’ अशी आवली मुलांकडून घोकून घेतली जाई. ही त्या लिपीची बाराखडीच होय. उत्सवाचे पहिले नाव ह्याच घोकंपट्टीवरून पडले, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

२. गाग्या-दिन : १९२६

१९१० मध्ये जपानने कोरिया आपल्या साम्राज्यात विलीन करून घेतला. जपानी ही ‘राष्ट्रभाषा’ झाली आणि कोरियनला प्रांतिक बोलीचे स्थान आले. ह्या काळात चु सि-ग्योंग (१८७६–१९१४) या वैयाकरणाने आणि त्याच्या शिष्यांनी मातृभाषेच्या अभ्यासाची परंपरा चालू ठेवली. ‘हंगुल’ हे लिपीचे आजचे नाव त्याच मंडळातून प्रचारात आले. तोपर्यंत अभिजन लोक तिला हेटाळणीने ग्राम्य लिपी म्हणत. १९२१ मध्ये ह्या शिष्यांनी कोरियन भाषेची संशोधन-संस्था स्थापन केली. पुढे तीच कोरियन भाषासंस्था म्हणून प्रसिद्धीस आली.

भारतीय पंचांगातील षष्टिसंवत्सरांप्रमाणे पूर्व आशियातही कालगणनेचे साठ वर्षांचे चक्र मानले जाते. १४४६ नंतर अशी आठ चक्रे पूर्ण झाली ती १९२६ मध्ये. तो योग साधून ४ नोव्हेंबर १९२६ रोजी, चांद्र गणनेने नवव्या महिन्याच्या २९ व्या दिवशी, ह्या संस्थेने एका मासिकाच्या संस्थेसह सेऊलमधील एका भोजनगृहात सभा भरविली. दिवसाला नाव देण्यात आले ‘गाग्यानाल’, म्हणजे बाराखडीचा दिवस. १९२८ मध्ये ते बदलून ‘हंगुलनाल’ असे करण्यात आले.

तिथीची कथाही संशोधनाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. राजवृत्तात लिपीच्या प्रवर्तनाचा उल्लेख नवव्या महिन्यात आहे. दिवस नमूद नाही. म्हणून महिन्याची अखेर धरण्यात आली, आणि १९३० नंतरच्या वर्षांत तिचे रूपांतर सौर दिनांकांत केले गेले. १९४० मध्ये आंदोंग भागात लिपीच्या मूळ विवरणग्रंथाची प्रत उजेडात आली. जोन ह्योंग-पिल या संग्राहकाने ती मिळवून जतन केली. तिच्या प्रस्तावनेत नवव्या महिन्याच्या पहिल्या दशकाचा स्पष्ट निर्देश होता. त्याच्या आधारे १९४५ पासून ९ ऑक्टोबर हा दिनांक रूढ झाला. हा ग्रंथ १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत समाविष्ट झाला. उत्तर कोरियात मात्र प्रवर्तनाऐवजी निर्मितीचा काळ प्रमाण मानून १५ जानेवारी हा लिपिदिन पाळतात. एकाच लिपीचे दोन उत्सव ही देशाच्या फाळणीची एक लहानशी परंतु बोलकी खूण होय.

३. उत्सवामागचे काम

१९२६ ची सभा म्हणजे केवळ भाषणे व भोजन असती, तर तिचे नाव आज कोणाला आठवले नसते. परंतु ह्या मंडळींनी आरंभापासूनच दिवसाची सांगड कामाशी घातली. ३१ ऑक्टोबर १९२९ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या हंगुल-दिनी, कोरियन शब्दकोशाच्या संपादनासाठी मंडळ स्थापन झाले. २९ ऑक्टोबर १९३३ रोजी, म्हणजे पुन्हा त्याच दिवसाचे औचित्य साधून, शुद्धलेखनाचे एकसूत्री नियम प्रसिद्ध करण्यात आले. आज दक्षिण कोरियात जे लेखननियम प्रचारात आहेत, त्यांचा पाया ह्याच नियमांत आहे. वर्षभर जे सिद्ध झाले ते त्या दिवशी समाजापुढे ठेवावयाचे, असा हा क्रम होता.

कोशकार्यात अग्रभागी असलेला ई गुक-रो हा १९२७ मध्ये बर्लिन येथून डॉक्टरेट घेऊन पुढे मायदेशी परतला होता. बर्लिनच्या विद्यापीठात असताना त्याने १९२३ पासून कोरियन भाषेचा वर्ग चालविला होता. परक्या देशातील परभाषिकांना कोरियन शिकविण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना करावी लागते. त्या वर्गासमोर ना गायक होते, ना नट. पाठीशी राज्यही नव्हते. तरीही पुढील सर्व संस्थांचे बीज त्यात पाहता येते.

१९३८ मध्ये शाळांतून कोरियन भाषा ऐच्छिक करण्यात आली आणि अल्पकाळातच ती वर्गांतून नाहीशी झाली. १९४० मध्ये कोरियन भाषेतील प्रमुख दैनिके बंद पाडण्यात आली. १ ऑक्टोबर १९४२ पासून भाषासंस्थेच्या सभासदांची धरपकड सुरू झाली. शब्दकोश रचणे हे राजद्रोहाचे कृत्य ठरले. तीसहून अधिक व्यक्ती ह्या प्रकरणात गोवल्या गेल्या; ई युन-जे आणि हान जिंग हे दोघे हामहंग येथील तुरुंगात मृत्यू पावले. पुरावा म्हणून जप्त केलेली कोशाची हस्तलिखिते गहाळ झाली असेच सर्वांनी मानले होते. परंतु मुक्तीनंतर, सप्टेंबर १९४५ मध्ये, सेऊल रेल्वे स्थानकाच्या गोदामात ती सापडली. कोशाचा पहिला खंड ९ ऑक्टोबर १९४७ रोजी, हंगुल-दिनीच, प्रकाशित झाला. सहावा व अखेरचा खंड १९५७ मध्ये निघाला. छपाईच्या साहित्यासाठी अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानचे साहाय्य मिळाले होते. १९४६ मध्ये पाचशेव्या वर्धापनाच्या निमित्ताने हा दिवस सुटीचा झाला, त्याला ही पार्श्वभूमी होती.

४. स्थलांतरितांचे उत्सव

कोरियाबाहेर कोरियन उत्सव प्रथम साजरे केले ते स्थलांतरितांनी. १३ जानेवारी १९०३ रोजी सुमारे शंभर कोरियनांचे एक जहाज हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांतील कामासाठी पोहोचले. त्यापूर्वीच हजारो कोरियन शेतकरी रशियाच्या अतिपूर्व भागात स्थायिक झाले होते. ह्या वसाहतींत शाळा, प्रार्थनामंदिरे व वृत्तपत्रे निघाली. १ मार्च १९१९ च्या स्वातंत्र्य-आंदोलनाचा स्मृतिदिन परदेशी राहणारे कोरियन पाळीत; कारण मायदेशी तो पाळण्याची मोकळीक नव्हती. उत्सवाचे प्रयोजन येथे स्पष्ट होते. ज्या गोष्टीचा लोप होण्याचे भय असते, ती गोष्ट एकत्र जमून पुन्हा उच्चारावयाची.

तथापि केवळ उत्सवाने भाषा टिकत नाही, ह्याचा दाखलाही ह्याच लोकांच्या इतिहासात मिळतो. १९३७ मध्ये सोव्हिएत सरकारने अतिपूर्वेतील सुमारे १,७०,००० कोरियनांना सक्तीने कझाकस्तान व उझबेकिस्तान येथे हलविले. पुढच्याच वर्षी त्यांच्या शाळांचे माध्यम रशियन करण्यात आले. त्यांचे नाट्यगृह टिकले, एक कोरियन वृत्तपत्र चालू राहिले. पितरांच्या कबरींवर जाण्याचा हानशिक हा सण आणि मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचा समारंभ आजही पाळला जातो. परंतु शाळा गेल्यानंतर दोन-तीन पिढ्यांत बहुसंख्य कुटुंबांतून बोली नाहीशी झाली. सण राहिला, पण त्यातील शब्द गेले.

जपानमध्ये संघर्ष उघडपणे शाळेसाठीच झाला. १९४५ नंतर तेथे राहिलेल्या कोरियनांनी मुलांसाठी मातृभाषेच्या शाळा काढल्या. त्या बंद करण्याचा हुकूम १९४८ मध्ये निघाला, तेव्हा एप्रिल महिन्यात कोबे व ओसाका येथे मोठी निदर्शने झाली; ओसाकात पोलिसांच्या गोळीबारात एक किशोरवयीन मुलगा मरण पावला. आज त्याच शहरांतील शाळांत व वर्गांत जपानी तरुण स्वखुशीने कोरियन शिकतात. ह्या दोन घटनांमध्ये पाऊणशे वर्षांचे अंतर असले, तरी दुसरीचा विचार करताना पहिलीचा विसर पडू देणे इतिहासाच्या अभ्यासकाला परवडणारे नाही.

१९६५ मध्ये अमेरिकेचे स्थलांतरविषयक निर्बंध सैल झाल्यावर लॉस एंजेलिस येथे कोरियनांची मोठी वस्ती वाढली, आणि १९७४ पासून तेथे कोरियन महोत्सव भरू लागला. त्याचे यजमान कोरियन होते आणि पाहुणेही मुख्यतः कोरियनच होते.

५. पाहुण्यांचा पालट

१९७९ मध्ये दक्षिण कोरियाच्या शासनाने टोकियो व न्यूयॉर्क येथे, आणि १९८० मध्ये लॉस एंजेलिस व पॅरिस येथे सांस्कृतिक केंद्रे उघडली. ही केंद्रे प्रथमतः परकीयांना कोरियाचा परिचय करून देण्यासाठी होती. हस्तकला, नृत्य व चित्रपट यांचे कार्यक्रम तेथे होत. परंतु श्रोतृवर्ग मर्यादित असे.

ह्या सुमारास जपानमध्ये घडलेली एक घटना भाषाशास्त्रदृष्ट्या विशेष उल्लेखनीय आहे. तेथील एन.एच.के. ह्या सार्वजनिक प्रसारण-संस्थेने १९८४ मध्ये कोरियन भाषेचे पाठ सुरू केले, तेव्हा भाषेला नाव कोणते द्यावे ह्याविषयी तंटा उभा राहिला. उत्तर व दक्षिण ह्या दोन्ही राज्यांच्या अभिमान्यांना मान्य होईल असे एकही नाव सापडेना. अखेर लिपीचे नाव घेऊन मालिकेला ‘हंगुल-पाठ’ असे संबोधण्यात आले. परिणामी जपानमधील अनेक सामान्य लोक आजही भाषेलाच ‘हंगुल’ म्हणतात. राजकीय पेचातून निघालेल्या ह्या तडजोडीने लिपी व भाषा यांतील भेद पुसट केला. सेजोंग राजाने लिपी निर्माण केली, भाषा नव्हे, हे परदेशातील समारंभांत पुनःपुन्हा सांगावे लागते.

रसिकांचा खरा ओघ सुरू झाला तो १९९७ नंतर. त्या वर्षी चीनच्या मध्यवर्ती दूरचित्रवाणीवर एक कोरियन कौटुंबिक मालिका दाखविण्यात आली व ती अतिशय लोकप्रिय झाली. ‘हान्‌ल्यू’, अर्थात कोरियन प्रवाह, हा चिनी अक्षरांत लिहिला जाणारा शब्द १९९९ च्या सुमारास रूढ झाला. २००३ मध्ये एन.एच.के.ने ‘हिवाळी सोनाटा’ ही मालिका दाखविल्यावर मध्यमवयीन जपानी स्त्रियांच्या झुंडी तिच्या चित्रीकरणस्थळांच्या यात्रेस निघाल्या. भारतात मणिपूरमध्ये सशस्त्र संघटनांनी २००० मध्ये हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. त्या पोकळीत कोरियन वाहिन्या व ध्वनिचित्रफिती शिरल्या आणि तेथील तरुणांच्या वेशभूषेवर व बोलण्यावरही त्यांचा ठसा उमटला.

जून २०११ मध्ये पॅरिस येथे कोरियन गायकसमूहांचे प्रयोग झाले. एका प्रयोगाची तिकिटे काही मिनिटांत संपली, तेव्हा फ्रेंच चाहत्यांनी लूव्र संग्रहालयापुढे एकत्र नृत्य करून दुसऱ्या प्रयोगाची मागणी केली आणि ती मान्य झाली. त्याच वर्षी चांगवन येथे परदेशी हौशी गायक-नर्तकांचा जागतिक महोत्सव सुरू झाला. त्यासाठी देशोदेशी प्राथमिक फेऱ्या होऊ लागल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील अर्वाइन येथे ‘केकॉन’ हा रसिकमेळा प्रथम भरला. त्यात गायनाच्या जोडीला खाद्यपदार्थ, वेशभूषा, सौंदर्यप्रसाधने व चर्चा यांचीही योजना होती. डिसेंबर २०१२ मध्ये नवी दिल्ली येथे कोरियन सांस्कृतिक केंद्र उघडण्यात आले. लॉस एंजेलिसच्या १९७४ च्या महोत्सवाशी तुलना केली असता पालट ध्यानात येतो. येथे यजमान कोरियन असून पाहुणे परके होते. आणि पुष्कळ ठिकाणी तर यजमानपणही चाहत्यांनीच पत्करले होते.

६. घरी सुटी गेली, बाहेर दिवस रुजला

ह्याच कालखंडात मायदेशी हंगुल-दिनाची स्थिती काय होती? १९९० मध्ये शासनाने सुट्यांची संख्या फार झाली व त्याने उत्पादनास बाध येतो, अशा विचाराने हंगुल-दिनाची सुटी रद्द केली. १९९१ पासून बावीस वर्षे हा दिवस कामाचा दिवस होता. भाषासंस्थांनी ह्या निर्णयाविरुद्ध सातत्याने चळवळ केली. २००५ च्या अखेरीस कायद्याने त्याला राष्ट्रीय उत्सवाचा दर्जा दिला. सुटी मात्र २०१३ पासून परत मिळाली.

नेमक्या ह्याच बावीस वर्षांत परदेशात कोरियन शिकणाऱ्यांची व्यवस्था उभी राहिली. १९९७ मध्ये परभाषिकांसाठी कोरियन भाषेची अधिकृत परीक्षा सुरू झाली. पहिल्या वर्षी २,६९२ परीक्षार्थी बसले. २०२३ मध्ये त्यांची संख्या चार लक्षांच्या वर गेली. २००७ मध्ये ‘सेजोंग हाक्‌दांग’ ह्या नावाने परदेशी भाषावर्ग स्थापन होऊ लागले. त्या वर्षी ३ देशांत १३ वर्ग होते, २०२४ मध्ये ८८ देशांत २५६ झाले. त्यांच्या संचालनासाठी २०१२ मध्ये स्वतंत्र प्रतिष्ठान निर्माण करण्यात आले. ज्या राजाने लिपी दिली त्याचेच नाव वर्गांना दिले गेल्यामुळे ९ ऑक्टोबर हा त्या वर्गांचा साहजिकच स्थापनोत्सव बनला. घरी कारखान्यांच्या सोयीसाठी जो दिवस सामान्य दिवसांत जमा झाला होता, तो परक्या देशांतील वर्गांत सणासारखा साजरा होऊ लागला, हा ह्या इतिहासातील विलक्षण योगायोग आहे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये, हंगुल-दिनाच्या आदल्या दिवशी, दक्षिण कोरियाच्या मंत्रिमंडळाने ‘बीटीएस’ ह्या गायकसमूहास सांस्कृतिक सन्मान देण्याचे ठरविले. त्या वर्षी ह्या समूहाची ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील बिलबोर्डच्या मुख्य सूचीत पहिल्या क्रमांकावर गेली होती. सन्मानाचे कारण देताना तत्कालीन पंतप्रधानांनी, परदेशांतील असंख्य तरुण कोरियन शब्दांत लिहिलेली गीते समूहाने गातात व त्यामुळे हंगुलचाही प्रसार होतो, अशा आशयाचा निर्वाळा दिला. मैफलीत श्रोत्यांनी ठरावीक ठिकाणी ठरावीक शब्द एकसुरात उच्चारण्याची चाल कोरियन रसिकांत आहे, आणि परदेशी चाहते ती घोकून आत्मसात करतात. अर्थ पूर्णपणे न कळता उच्चार पाठ करणे, ही भाषाशिक्षणाची एक अतिप्राचीन पायरी आहे. गाग्या-आवली घोकणारी मुले व हे चाहते यांच्यात त्या दृष्टीने फारसा फरक नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने ९ ऑक्टोबर हा हंगुल-दिन म्हणून मान्य करणारा ठराव केला. २०२१ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात कोरियन मूळ असलेले २६ शब्द एकदम दाखल झाले. त्यांत वडील भावासाठी बहिणीने वापरावयाचे ‘ओप्पा’ व वडील बहिणीसाठी बहिणीने वापरावयाचे ‘उन्नी’ ही नातेवाचके आहेत. चाहत्यांनी ही संबोधने आपापल्या भाषांत उचलली तेव्हा त्यांचा अर्थ पालटला. ‘ओप्पा’ हा शब्द प्रिय नट वा गायक ह्या अर्थी रूढ झाला आणि बोलणारी स्त्रीच असावी हा मूळ नियम गळून पडला. वस्तूंची नावे भाषांतरित होतात. नात्यांची नावे उसनी घेण्याचा प्रसंग आला म्हणजे संपर्क काहीसा अंतरंगात शिरला असे समजावे.

७. लिपीची निर्यात : चिया-चियांचे उदाहरण

समारंभाच्या सामर्थ्याची मर्यादा दाखविणारे एक प्रकरण येथे नोंदले पाहिजे. २००९ मध्ये इंडोनेशियातील बुटोन बेटावरच्या बाउबाउ शहरात चिया-चिया ह्या अल्पसंख्य भाषेच्या लेखनासाठी हंगुल लिपी वापरण्याचा प्रयोग सुरू झाला. पाठ्यपुस्तक निघाले. कोरियन वृत्तपत्रांनी लिपीच्या पहिल्या निर्यातीचा जयघोष केला. जानेवारी २०१२ मध्ये तेथे सेजोंग हाक्‌दांग उघडण्यात आले, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये ते बंद पडले. पुढची दहा वर्षे शिकविण्याचे काम मोजक्या शिक्षकांच्या चिकाटीवर चालले. २०२२ मध्ये ते केंद्र पुन्हा सुरू झाले.

ह्या प्रयोगाचे यशापयश आज ठरविण्याचे कारण नाही. चिया-चिया भाषकांच्या नित्य व्यवहारात लॅटिन लिपीत लिहिलेली इंडोनेशियन भाषा प्रबळ आहे, आणि कोणतीही नवी लिपी त्या परिस्थितीशी झगडूनच टिकेल. परंतु जयघोष झाला तो पहिल्या वर्षी, आणि लिपी प्रत्यक्ष मुलांच्या हातात राहिली ती पुढच्या निःशब्द वर्षांत, ही गोष्ट उत्सवाचा अभ्यास करणाऱ्याने नजरेआड करू नये.

८. उपसंहार

रसिकांच्या मेळ्यांत व्यापाराचा अंश मोठा आहे. ‘केकॉन’ची योजना एका व्यापारी संस्थेने केली, सांस्कृतिक केंद्रांच्या मागे शासनाचे परराष्ट्रधोरण आहे. १९२६ च्या सभेशी त्यांचे नाते जोडणे हा त्या सभेतील दरिद्री वैयाकरणांचा उपमर्द आहे, असा आक्षेप कोणी घेतल्यास त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. ज्यांनी भाषेसाठी तुरुंगवास भोगला, त्यांच्यापुढे भाषा मरण्याचे भय होते. आजच्या चाहत्याला असे कोणतेही भय नाही. त्याचा उत्सव आवडीचा आहे, आणि आवड पालटू शकते.

परंतु इतिहासाने दिलेली कसोटी भय वा आवड यांच्यावर अवलंबून नाही. मध्य आशियातील कोरियनांना आपल्या भाषेविषयी प्रेम नव्हते असे नाही; त्यांच्या शाळा नाहीशा झाल्या. भाषासंस्थेचा दिवस टिकला तो कोशाच्या चिठ्ठ्या व लेखनाचे नियम त्याच्या मागे होते म्हणून. आजच्या परदेशी समारंभांकडे ह्याच दृष्टीने पाहिले, तर त्यांत दोन प्रकार सहज वेगळे काढता येतात. एका प्रकारात मंडप उभारला जातो, गर्दी होते आणि मंडप उतरतो. दुसऱ्या प्रकारात समारंभ संपल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीत वर्ग भरतो. पहिल्या प्रकाराचे भवितव्य लोकप्रियतेच्या हाती आहे. दुसऱ्याचे भवितव्य शिक्षकांच्या नेमणुकीवर, पाठ्यपुस्तकांवर आणि विद्यार्थ्याने तिसऱ्या वर्षीही वर्गात यावे ह्यासाठी केलेल्या सोयीवर अवलंबून आहे.

भारताच्या संदर्भात हा विचार अप्रस्तुत नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर शिकविता येण्याजोग्या परकीय भाषांत कोरियनचा नामनिर्देश आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तर कोरियनचे अध्यापन १९७० नंतरच्या दशकापासून, म्हणजे कोणतीही लाट येण्यापूर्वीपासून, चालू आहे. चाहत्यांची आवड विद्यापीठाच्या वर्गापर्यंत आणण्याचे काम भाषेच्या अध्यापकांचे आहे, आणि ती आवड टिकून आहे तोवरच ते करता येण्यासारखे आहे.

१९२६ च्या त्या भोजनगृहातील मंडळींनी आपल्या दिवसाला राजाचे नाव दिले नाही, राष्ट्राचेही दिले नाही. मुले वर्गात जी बाराखडी घोकतात तिचे नाव दिले. पुढे ते नाव मागे पडले. परंतु परक्या देशातील एखाद्या वर्गात पहिल्या दिवशी शिक्षक फळ्यावर अक्षरे लिहितो आणि निरनिराळ्या मातृभाषांचे विद्यार्थी ती मोठ्याने म्हणतात, तेव्हा त्या जुन्या नावाचा अर्थ तेथे जसाच्या तसा शाबूत असतो.